जावामध्ये वेब सर्व्हिस आणि तिचा क्लायंट: फ्रेमवर्कच्या आधी करायचं काम

जावामध्ये वेब सर्व्हिस शिकायची म्हटली की बहुतेक जण थेट स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कपासून, म्हणजे तयार सांगाड्यापासून, सुरुवात करतात. थोड्याच वेळात सर्व्हिस चालू होते, ब्राउझरमध्ये उत्तर दिसतं आणि जमलं असं वाटतं. मग पहिली अडचण येते. क्लायंटला ४१५ असा आकडा मिळतो, किंवा मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात, आणि नेमकं कुठे पाहायचं हेच कळत नाही. कारण क्लायंट आणि सर्व्हिस यांच्यात प्रत्यक्ष काय जातं-येतं, ते कधी पाहिलेलंच नसतं.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी कोणतंही फ्रेमवर्क न घेता, जेडीकेमध्ये (जावाच्या मूळ साधनसंचात) जे आहे तेवढ्यावरच एक छोटी सर्व्हिस आणि तिच्याशी बोलणारा क्लायंट लिहायचा. दोन्ही बाजू एकाच माणसाने लिहिणं फार महत्त्वाचं आहे. फक्त सर्व्हिस लिहिणाऱ्याला क्लायंटची अडचण दिसत नाही आणि फक्त क्लायंट लिहिणाऱ्याला सर्व्हिस म्हणजे बंद पेटी वाटते.

तयारी

जेडीके २१ किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या. २१ ही सप्टेंबर २०२३ मध्ये आलेली दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे आणि पुढे लागणारे व्हर्च्युअल थ्रेड (एकाच वेळी अनेक कामं चालवणाऱ्या हलक्या वाटा) तिच्यात कायमचे आले. टर्मिनलमध्ये ‘जावा’ आणि ‘जावासी’ या दोन्ही आज्ञांना आवृत्ती विचारून पाहा. पहिली उत्तर देते पण दुसरी सापडत नाही, असं झालं तर प्रोग्रॅम चालवण्यापुरतं जावा आहे, कंपायलर नाही किंवा पाथमध्ये नाही. हे आत्ताच सरळ करून घ्या.

इंटेलिजे, इक्लिप्स, व्हीएस कोड यांपैकी जे हाताशी असेल ते चालेल. क्लास आणि मेथडची नावं मी देवनागरीत लिहितो आहे. एडिटरमध्ये पहिली तीन-चार रोमन अक्षरं टाकलीत की पूर्ण नाव समोर येईल. मेव्हन किंवा ग्रेडल (बाहेरच्या लायब्ररी आणून प्रोजेक्ट बांधणारी साधनं) आत्ता नको. जावा ११ पासून एकच सोर्स फाइल ‘जावा’ या आज्ञेला दिली की ती कंपाइल होऊन लगेच चालते, आणि पहिल्या भागासाठी तेवढं पुरेसं आहे.

आणखी एक साधन लागेल: टर्मिनलमधून वेब विनंत्या पाठवणारं कर्ल. ब्राउझर बऱ्याच गोष्टी परस्पर करतो, काही उत्तरं साठवून ठेवतो, आणि पत्त्याच्या पट्टीतून फक्त गेट, म्हणजे ‘हे दे’ अशी, विनंती पाठवता येते. कर्ल मात्र सांगितलं तेवढंच करतं आणि काय केलं ते दाखवतं.

आधी करार ठरवा

कोड लिहिण्यापूर्वी कागदावर दहा ओळी लिहा. आपली सर्व्हिस छोट्या नोंदी साठवणार आहे. प्रत्येक नोंदीला एक क्रमांक आणि मजकूर असेल. ‘/नोट्स’ या पत्त्यावर गेट केलं की सगळ्या नोंदी मिळतील. त्याच पत्त्यावर पोस्ट केलं की नवी नोंद तयार होईल. ‘/नोट्स/७’ वर गेट केलं की सातवी नोंद मिळेल, डिलीट केलं की ती जाईल.

आता प्रत्येक ठिकाणी काय बिघडू शकतं आणि तेव्हा उत्तरात स्टेटसचा कोणता आकडा जाईल ते लिहा. सातवी नोंद नसेल तर ४०४. क्रमांकाच्या जागी कोणी अक्षरं टाकली तर ४००. ‘/नोट्स’ वर कोणी डिलीट पाठवलं तर ४०५, आणि सोबत कोणत्या मेथड (गेट, पोस्ट असे विनंतीचे प्रकार) चालतात ते सांगणारा ‘अलाऊ’ हेडर, म्हणजे मजकुराआधी जाणारी माहितीची ओळ. नवी नोंद तयार झाली तर २०१ आणि ‘लोकेशन’ हेडरमध्ये तिचा पत्ता. काढून टाकली तर २०४, म्हणजे काम झालं आणि उत्तरात मजकूर नाही. आपल्याच कोडमध्ये गडबड झाली तर ५००.

हे आकडे नीट द्यायचे, कारण क्लायंटचा निर्णय त्यांवरच ठरतो. चारशेच्या घरातला आकडा सांगतो की विनंती बदलल्याशिवाय बहुतेक वेळा उपयोग नाही. पाचशेच्या घरातला सांगतो की दोष सर्व्हिसकडे आहे, थोड्या वेळाने कदाचित जमेल. प्रत्येक गोष्टीला २०० देऊन मजकुरात ‘एरर’ असं लिहिणाऱ्या सर्व्हिस अजून भेटतात. तसं करू नका. त्याने क्लायंट लिहिणाऱ्याला प्रत्येक उत्तर उघडून वाचावं लागतं.

सर्व्हिस

जेडीकेमध्ये ‘एचटीटीपीसर्व्हर’ नावाचा क्लास आहे. तो ‘कॉम.सन.नेट.एचटीटीपीसर्व्हर’ या पॅकेजमध्ये जावा ६ पासून आहे. मोठ्या भाराच्या कामासाठी तो नाही, पण शिकण्यासाठी आणि टेस्टसाठी फार चांगला, कारण काहीच लपवत नाही.

‘क्रिएट’ या मेथडला पत्ता आणि पोर्ट द्या. पोर्ट ८०८० ठेवा. पत्ता देताना फक्त पोर्टचा आकडा दिलात तर सर्व्हिस मशीनच्या सगळ्या नेटवर्कवर ऐकू लागते, म्हणजे त्याच वायफायवरच्या दुसऱ्या कोणालाही ती गाठता येऊ शकते. शिकताना लूपबॅक पत्ता, म्हणजे फक्त याच मशीनवरून गाठता येणारा, द्या. ‘आयनेटॲड्रेस’ क्लासमध्ये त्यासाठी ‘गेटलूपबॅकॲड्रेस’ आहे. पोर्ट आधीच कोणी वापरत असेल तर ‘बाइंडएक्सेप्शन’ येईल. बहुतेक वेळा तो कोणी म्हणजे आपलाच आधीचा, बंद न केलेला प्रोग्रॅम असतो.

मग ‘क्रिएटकॉन्टेक्स्ट’ने ‘/नोट्स’ हा मार्ग एका हँडलरला जोडा. ‘/नोट्स/७’ सारखे उपमार्गही त्याच हँडलरकडे येतात, तेव्हा मार्गाचे तुकडे करून पुढे क्रमांक आहे का ते आपणच पाहायचं. हँडलरला एक ‘एचटीटीपीएक्स्चेंज’ मिळतो. विनंतीची मेथड, मार्ग, हेडर, मजकूर हे सगळं त्यातून वाचायचं आणि उत्तरही त्यातूनच द्यायचं.

उत्तर देण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी उत्तराचे हेडर भरायचे, मग ‘सेंडरिस्पॉन्सहेडर्स’ला स्टेटसचा आकडा आणि मजकुराची लांबी द्यायची, मग मजकूर लिहायचा, शेवटी एक्स्चेंज बंद करायचा. हेडर नंतर भरलेत तर ते क्लायंटपर्यंत पोहोचत नाहीत आणि कोणी तक्रारही करत नाही. लांबीच्या जागी शून्य म्हणजे ‘मजकूर रिकामा’ असा अर्थ होत नाही. शून्य म्हणजे लांबी आधी माहीत नाही, तुकड्यातुकड्याने पाठवतो. मजकूरच नसेल, जसं २०४ मध्ये, तर उणे एक द्यायचं.

लांबीपाशी जरा थांबू, कारण देवनागरीत लिहिणाऱ्यांना ही ठेच हमखास लागते. लांबी बाइटमध्ये द्यायची असते, अक्षरांत नाही. ‘नमस्कार’ या शब्दावर ‘लेंग्थ’ चालवलंत तर जावा ७ सांगेल: न, म, स, हलन्ताचं चिन्ह, क, काना आणि र. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या अशा प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण २१. तुम्ही ७ सांगून २१ बाइट लिहायला गेलात तर जादा बाइट होत असल्याची ‘आयओएक्सेप्शन’ येते आणि क्लायंटला तुटलेलं उत्तर मिळतं. इंग्रजी मजकुरावर हाच कोड बिनतक्रार चालतो, कारण तिथे एका अक्षराला एकच बाइट असतो. म्हणूनच हा दोष कित्येक महिने लपून राहू शकतो. उपाय साधा आहे: आधी स्ट्रिंगचे यूटीएफ-८ बाइट काढा आणि त्या ॲरेची लांबी द्या. चाचणीचा मजकूर पहिल्या दिवसापासून मराठीत ठेवा.

बाइट काढताना ‘गेटबाइट्स’ला यूटीएफ-८ स्पष्ट सांगा. जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग झालं आहे, पण त्याआधीच्या आवृत्त्या ऑपरेटिंग सिस्टिमप्रमाणे वागतात आणि तुमचा कोड उद्या कोणत्या मशीनवर चालेल ते तुमच्या हातात नसतं. साधा मजकूर पाठवताना ‘कंटेंट-टाइप’ हेडरमध्येही यूटीएफ-८ लिहा. आणि विंडोजच्या कन्सोलवर प्रश्नचिन्हं दिसली म्हणून लगेच सर्व्हिसवर संशय घेऊ नका. उत्तर फाइलमध्ये साठवून एडिटरमध्ये उघडा. तिथे मराठी नीट दिसली तर दोष फक्त कन्सोलचा आहे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट: हँडलरचं सगळं शरीर एका ट्राय-कॅचमध्ये ठेवा. हँडलरमधून एक्सेप्शन बाहेर निसटली तर हा सर्व्हर साधारणपणे कनेक्शन तोडून मोकळा होतो आणि कन्सोलवर बऱ्याचदा काहीच दिसत नाही. क्लायंटकडे मात्र ‘हेडर पार्सरला एकही बाइट मिळाला नाही’ अशा अर्थाचा गूढ संदेश येतो. कॅचमध्ये एक्सेप्शन छापा आणि ५०० पाठवा. स्टॅक ट्रेस (चूक कोडमध्ये कुठे घडली त्याची यादी) मात्र उत्तरात घालू नका. तो तुमच्यासाठी आहे, बाहेरच्यांसाठी नाही.

शेवटचं, थ्रेडबद्दल. ‘सेटएक्झिक्युटर’ केलं नाही तर सगळ्या विनंत्या एकाच थ्रेडवर, एकामागून एक हाताळल्या जातात. हँडलरमध्ये पाच सेकंद झोपणारी ओळ घाला आणि दोन टर्मिनलमधून एकदम विनंती करा: दुसरीला सुमारे दहा सेकंद लागतील. मग ‘एक्झिक्युटर्स’ क्लासमधून प्रत्येक कामाला नवा व्हर्च्युअल थ्रेड देणारा एक्झिक्युटर लावा आणि पुन्हा पाहा. हा प्रयोग वगळू नका, वेब सर्व्हिसमधलं समांतर काम त्याने जितकं कळतं तितकं वाचून कळत नाही. एकदा थ्रेड अनेक झाले की साधा ‘हॅशमॅप’ चालणार नाही. ‘कॉन्करंटहॅशमॅप’ घ्या आणि क्रमांक देण्यासाठी ‘ॲटॉमिकलाँग’.

आता ‘स्टार्ट’ करा आणि कर्लला ‘-आय’ हा पर्याय देऊन ‘/नोट्स’ मागा. पहिल्या ओळीत स्टेटस, मग हेडर, एक रिकामी ओळ, मग मजकूर. ‘-व्ही’ दिलंत तर तुमच्याकडून गेलेली विनंतीही दिसेल. मुद्दाम चुकीचा क्रमांक, नको ती मेथड, रिकामा मजकूर पाठवून कागदावरचा करार पाळला जातो का ते तपासा.

क्लायंट

जुन्या लेखांमध्ये ‘एचटीटीपीयूआरएलकनेक्शन’ दिसेल. तो जावाच्या अगदी सुरुवातीच्या काळातला आहे आणि वापरायला अवघड. जावा ११ पासून, म्हणजे सप्टेंबर २०१८ पासून, ‘जावा.नेट.एचटीटीपी’ पॅकेजमध्ये ‘एचटीटीपीक्लायंट’ आहे. नव्या कोडमध्ये तोच घ्या.

यात तीन वस्तू आहेत. क्लायंट एकदाच तयार करायचा आणि पुन्हा पुन्हा वापरायचा, कारण उघडी कनेक्शनं तोच सांभाळतो. प्रत्येक विनंतीला नवा क्लायंट बनवणं हा नवशिक्यांच्या कोडमध्ये सर्रास दिसणारा अपव्यय आहे. विनंती बिल्डरने बनवायची: पत्ता, मेथड, हेडर. आणि ‘सेंड’ केलं की उत्तर मिळतं, ज्यातून स्टेटस आणि मजकूर वाचायचा. मजकूर स्ट्रिंग म्हणून हवा की बाइट म्हणून की थेट फाइलमध्ये, ते ‘बॉडीहँडलर्स’मधून सांगायचं.

४०४ किंवा ५०० आलं तरी हा क्लायंट एक्सेप्शन फेकत नाही. त्याच्या दृष्टीने उत्तर आलं, काम झालं. म्हणून मजकुराला हात लावण्याआधी स्टेटस पाहा. पोस्ट करताना ‘कंटेंट-टाइप’ही तो आपणहून भरत नाही, तुम्हीच भरायचा. सुरुवातीला उल्लेख केलेलं ४१५ इथूनच येतं: मजकूर जेसन (माहिती मजकुरात मांडायचा ठरलेला साचा) आहे पण हेडर ते सांगत नाही, तेव्हा सर्व्हिस म्हणते की हा प्रकार मला समजत नाही. कर्लला ‘-डी’ने मजकूर दिला तर तो वेब फॉर्मचा प्रकार धरून पाठवतो, त्यामुळे तिथेही हेडर हातानेच द्यावा लागतो.

पत्त्यातल्या शोधशब्दात मराठी असेल तर तो ‘यूआरएलएन्कोडर’मधून काढा. ही पद्धत प्रश्नचिन्हानंतरच्या भागासाठीच आहे, कारण ती रिकाम्या जागेचं अधिकचिन्ह करते आणि मार्गाच्या भागात त्याचा अर्थ रिकामी जागा असा होत नाही. सर्व्हिसकडे वाचताना ‘गेटरॉक्वेरी’ घ्या, आधी ‘अँड’च्या चिन्हावर तुकडे करा आणि मग प्रत्येक तुकडा डीकोड करा. उलटं केलंत तर मजकुरातच ते चिन्ह असेल तिथे तुकडे चुकीचे पडतील.

वेळमर्यादा

या क्लायंटला आपणहून कोणतीही वेळमर्यादा नसते. सर्व्हिस अडकली तर ‘सेंड’ कितीही वेळ थांबून राहू शकतो. म्हणून दोन मर्यादा घाला: जोडणीसाठी क्लायंटवर ‘कनेक्टटाइमआउट’ आणि उत्तराची वाट पाहण्यासाठी विनंतीवर ‘टाइमआउट’. सर्व्हिसमधली ती पाच सेकंदांची झोप इथे पुन्हा कामी येते. विनंतीला दोन सेकंदांची मर्यादा द्या आणि ‘एचटीटीपीटाइमआउटएक्सेप्शन’ येते ते पाहा.

पण वेळ संपली म्हणजे काम झालं नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. क्लायंटने वाट पाहणं सोडलं, सर्व्हिस मात्र आपलं काम करतच राहिली. हे डोळ्यांनी पाहा: पोस्टच्या हँडलरमध्ये नोंद साठवल्यानंतर झोप घाला, क्लायंटला मर्यादेत अडकवा, आणि मग सगळ्या नोंदी मागा. जी ‘फसली’ ती नोंद यादीत असेल. आता क्लायंटने पुन्हा प्रयत्न केला तर तीच नोंद दोनदा येईल. नोंदीच्या जागी पैशांचा व्यवहार असता तर काय झालं असतं, याचा विचार करा.

गेट, पुट आणि डिलीट पुन्हा पाठवले तरी सर्व्हिसची अंतिम स्थिती तीच राहावी, असा एचटीटीपीचा नियम आहे. पोस्टला तो लागू नाही. म्हणून आपोआप पुन्हा प्रयत्न करायचा तर पहिल्या तिघांसाठी करा, तोही दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढवत. पोस्टसाठी तसं हवं असेल तर क्लायंटने प्रत्येक विनंतीसोबत एक वेगळी ओळख पाठवावी (‘यूयूआयडी’ क्लास त्यासाठी बरा), आणि सर्व्हिसने ती लक्षात ठेवून दुसऱ्यांदा आली तर पहिलंच उत्तर परत द्यावं. आपल्या नोंदींच्या सर्व्हिसमध्ये हे जरूर करून पाहा, एका मॅपमध्ये होतं.

‘सेंड’ दोन तपासलेल्या एक्सेप्शन फेकतो. ‘इंटरप्टेडएक्सेप्शन’ रिकाम्या कॅचमध्ये गिळू नका. चालू थ्रेडवर पुन्हा ‘इंटरप्ट’ करा, म्हणजे थांबण्याची सूचना वरच्या कोडपर्यंत पोहोचते. एकाच वेळी अनेक विनंत्या करायच्या असतील तर ‘सेंडअसिंक’ आहे, पण व्हर्च्युअल थ्रेड हाताशी असताना साधा ‘सेंड’ वाचायला आणि दुरुस्त करायला सोपा पडतो.

जेसन

जेडीकेमध्ये जेसनची सोय नाही. स्ट्रिंग जोडून जेसन बनवता येतं असं वाटतं, आणि मजकुरात पहिलं अवतरणचिन्ह येईपर्यंत ते चालतंही. इथे मात्र मेव्हन किंवा ग्रेडल आणा आणि जॅक्सन ही जेसनची लायब्ररी जोडा. नोंदीसाठी एक ‘रेकॉर्ड’ लिहा; ‘ऑब्जेक्टमॅपर’ त्याचं जेसन करतो आणि जेसनपासून पुन्हा रेकॉर्ड बनवतो.

साध्या जॅक्सनला ओळखीचं नसलेलं फील्ड आलं की तो एक्सेप्शन फेकू शकतो. जॅक्सन २ मध्ये तीच मूळ सवय आहे. म्हणजे सर्व्हिसने उद्या उत्तरात ‘तारीख’ वाढवली तर तुमचा क्लायंट बंद पडेल. क्लायंटमध्ये ही सवय बंद करा. सर्व्हिसच्या बाजूने फील्ड वाढवणं चालतं, पण असलेलं फील्ड काढणं किंवा त्याचं नाव बदलणं म्हणजे करार मोडणं.

जुना कोड आणि सोप

कामाच्या ठिकाणी तुमच्या हातात एखादी डब्ल्यूएसडीएल फाइल येऊ शकते. ती सोप या एक्सएमएलवर चालणाऱ्या पद्धतीच्या सर्व्हिसचा करार असते, आणि बऱ्याच जुन्या प्रणाली अजून त्यावर चालतात. जावा ६ पासून जेडीकेमध्येच जॅक्स-डब्ल्यूएस (सोपसाठीची जावाची सोय) आणि डब्ल्यूएसडीएलवरून क्लायंटचे क्लास बनवणारं ‘डब्ल्यूएसइम्पोर्ट’ होतं. जावा ११ मध्ये ते काढून टाकलं. त्यामुळे जुना लेख पाहून कोड लिहिलात आणि ‘जावाएक्स.जेडब्ल्यूएस’ पॅकेज सापडत नाही असा संदेश आला, तर चूक तुमची नाही. अपाची सीएक्सएफ किंवा मेट्रो ही लायब्ररी आपल्या प्रोजेक्टमध्ये जोडा.

याच्याशी नातं असलेली दुसरी अडचण: जकार्ता ईई (सर्व्हर बाजूच्या जावाच्या मानकांचा संच) ९ मध्ये, २०२० साली, त्या घराण्यातल्या पॅकेजांची नावं ‘जावाएक्स’वरून ‘जकार्ता’ झाली. स्प्रिंग बूट ३ नवी नावं वापरतं. लेख जुना आणि लायब्ररी नवी असेल तर आधी इम्पोर्टच्या ओळी पाहा. मात्र जेडीकेमधली ‘जावाएक्स.नेट’सारखी पॅकेजं तशीच आहेत, सरसकट बदलू नका.

आता फ्रेमवर्क

इथवर आलात की स्प्रिंग बूट घ्या. जर्सी किंवा क्वार्कसही चांगले आहेत, पण सुरुवातीला अडल्यावर उत्तर मिळणं महत्त्वाचं असतं आणि स्प्रिंगबद्दल ते सर्वांत सहज मिळतं. ‘स्प्रिंग इनिशियलायझर’वरून वेबचा भाग निवडून प्रोजेक्ट उतरवा. ‘रेस्टकंट्रोलर’ लावलेला क्लास म्हणजे तुमचा हँडलर. ‘गेटमॅपिंग’ आणि ‘पोस्टमॅपिंग’ म्हणजे तुम्ही मेथड पाहून केलेल्या इफ-एल्स. ‘पाथव्हेरिएबल’ म्हणजे मार्गाचे तुकडे करून काढलेला क्रमांक, ‘रिक्वेस्टबॉडी’ म्हणजे जॅक्सनला दिलेला मजकूर, आणि थ्रेड सांभाळायला आत टॉमकॅट हा सर्व्हर बसलेला आहे. बाइटची लांबी मोजणंही त्याच्याकडे गेलं.

पण जुनी सर्व्हिस पुसू नका. आधी क्लायंटवर काही जेयुनिट टेस्ट (आपोआप चालणाऱ्या चाचण्या) लिहा: नोंद तयार होते, तीच परत मिळते, नसलेल्या नोंदीला ४०४ येतं, ‘नमस्कार’ जसाच्या तसा परततो. टेस्टमध्ये सर्व्हिसला पोर्ट शून्य द्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम मोकळं पोर्ट निवडते आणि ‘गेटॲड्रेस’मधून ते कळतं, दोन टेस्ट एकमेकींच्या पोर्टवर आदळत नाहीत. सर्व्हिसचा पत्ता क्लायंटच्या कन्स्ट्रक्टरमधून घ्या, कोडमध्ये कोरू नका. मग स्प्रिंगमध्ये तीच सर्व्हिस लिहा आणि त्याच टेस्ट, क्लायंटची एकही ओळ न बदलता, नव्या पत्त्यावर चालवा. जी टेस्ट फसेल तिथे दोन्ही सर्व्हिसना कर्लने तीच विनंती पाठवा आणि दोन उत्तरं शेजारी ठेवून हेडरपासून वाचायला सुरुवात करा.